सबवूफर आणि आईची भिंत

आईला कमी ऐकू यायचं. जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तरच कळायचं. त्यामुळे होम थिएटर घेताना मी तिचा विचारच केला नाही. आवाजाचा हिला कसला त्रास व्हायचाय, असं धरून चाललो.

रत्नागिरीत तेव्हा सिनेमांच्या डीव्हीडी भाड्यानं मिळायला लागल्या होत्या. सेटमध्ये पाच छोटे स्पीकर होते आणि एक काळा लाकडी डबा, सबवूफर. दुकानात त्याचा आवाज थेट छातीत उतरला होता. घरी मात्र तो नुसता घुमायचा, रिकाम्या पिंपात कुणी बोलल्यासारखा.

"त्याची जागा चुकलीय," दुकानदार म्हणाला. "तुम्ही बसता त्या खुर्चीवर डबा ठेवा, आणि तुम्ही भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथं आवाज खोल आणि स्वच्छ लागेल, ती त्याची जागा."

रविवारी मी खरंच रांगलो. आई दारात उभी राहून बघत होती.

"काय रे मेल्या, दात यायचेत का अजून?"

बायको हसून हसून खाली बसली. मीही हसलो, आणि रांगता रांगता कोपऱ्यात पोहोचलो. तिथं आवाज एकदम खोल गेला. कानापेक्षा पोटात जास्त कळत होता. हाच तो बास, तो खर्जातला आवाज, ज्याच्यासाठी मी महिनाभर डब्याची बटणं पिळत होतो. डबा मी तिथंच ठेवला. कोपरा माजघराच्या भिंतीचा होता. भिंतीपलीकडे देव्हारा, आणि त्याच्या शेजारी आईची पाठ टेकून बसायची जागा. ते मला माहीत होतं. मनात मात्र काहीच आलं नाही.

काही दिवसांनी बायको म्हणाली, "आई हल्ली तिन्हीसांजेला अंगणात जाऊन बसतात. डास फोडून काढतात, तरी आत येत नाहीत."

मी बाहेर जाऊन विचारलं. आईनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

"घर हलतंय रे. रोज हलतं. तुम्हाला कसं कळत नाही?"

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती या घरात नवीन सून होती. पहाटे कौलं वाजली, पडवीचा एक कोपरा खाली आला आणि ती अनवाणी अंगणात धावली. तेव्हापासून तिचा एकच नियम होता. कौलं वाजली की हातातलं टाकायचं आणि उंबरा ओलांडायचा. लहानपणी तिनं मला कितीदा तरी बखोट धरून बाहेर ओढलं होतं, आणि वर बघावं तर छपरावर वानर. तेव्हा आम्ही हसायचो. पण आता वानर नव्हते, कौलं वाजत नव्हती, आणि ती म्हणत होती घर हलतंय.

मला भीती वाटली ती वेगळीच. तिच्या आईला शेवटी शेवटी पोटची मुलंही ओळखू येत नव्हती. मी आईला डॉक्टरांकडे नेलं आणि तिच्यादेखत, ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, "भास होतात" असं सांगितलं. ती आमच्या ओठांकडे बघत होती. रिक्षात एवढंच म्हणाली, "मी वेडी नाही रे."

एका संध्याकाळी सिनेमा चालू ठेवून मी पाणी प्यायला उठलो. माजघरात आई दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती. बाहेर पळायचं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. मीच तिला वेडी ठरवलं होतं ना. देव्हाऱ्यात पंचपात्रातली पळी किणकिणत होती. बाहेरच्या खोलीत स्फोट झाला की पळी वाजायची, थांबला की गप्प. मी भिंतीला पाठ लावून पाहिली. भिंत थरथरत होती.

मी तिला बाहेरच्या खोलीत आणलं, तिचा तळहात डब्यावर ठेवला, मग भिंतीवर. "हा बघ तुझा भूकंप!" ती आधी दचकली, मग इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मी सुटलो. आई शाबूत होती.

डबा मी तेव्हाच हलवायला हवा होता. हलवला नाही. असा बास दुसरीकडे येत नव्हता. आवाज थोडा कमी केला, आणि आईला सवय झाली. पाठीला जाणवलं की आतून हाक मारायची, "बंद कर रे तो डबा!" तो आमच्या घरातला विनोदच झाला.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन अंगणात पाय धूत होतो. लोडशेडिंग होतं. पायाखालची जमीन सरकल्यासारखी झाली आणि सगळ्या घरावरची कौलं खडखडली. शेजारचे ओरडत बाहेर आले. बायको विहिरीवरून धावत आली.

"आई कुठायत?"

आई आत होती. भिंतीला टेकून, मांडीवर सुपात कुळीथ घेऊन, खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात खडे निवडत. वरून कौलांचा भुगा तिच्या केसांवर पडत होता. तिनं मान वर केली नाही.

"बंद कर रे तो डबा," ती म्हणाली.

मी तिला बखोट धरून बाहेर ओढलं. कुळीथ उंबऱ्यावर सांडले. तोवर सगळं थांबलं होतं. एक भिंत जराशी चिरली, बाकी काही झालं नाही. आई अंगणात उभी राहून अंधाऱ्या घराकडे बघत होती. लाईट नाहीत हे तिला तेव्हा कळलं.

"मग तो डबा नव्हता?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं केसांतला भुगा झटकला. मग म्हणाली, "आता मला कसं रे कळायचं?"

दुसऱ्या दिवशी मी सबवूफर माळ्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे टाकला. तिला परत परत सांगितलं, काढला तो, आता काही जाणवलं तर सरळ बाहेर पळ. ती हो म्हणायची. पण तिचा जुना नियम काही परत आला नाही. काही हललं की ती आधी माझ्याकडे बघायची, आणि मगच दाराकडे.

दिवसभर मी ऑफिसात असायचो.