सहावा मणी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, रविवारी दुपारी चार वाजता, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका टाउनहाउसमध्ये प्राजक्तावर अन्याय झाला. तिच्या दोन वर्षांच्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे हे कळल्यावर एक बाई तिळगूळ देता देता म्हणाल्या, "गरोदरपणी ग्रहणात सुरी हातात घेतली असशील." प्राजक्ताच्या सासूबाई नागपूरहून व्हिडिओ कॉलवर होत्या. "आमच्याकडे कुणालाच नाही असलं काही," त्या म्हणाल्या. तिला न्यायला आलेला नवरा, नितीन, बूट बघत उभा राहिला. आम्ही बारा जणी गप्प. दर शनिवारी अन्यायाविरुद्ध लोकांच्या हातात पत्रकं कोंबणारी मीसुद्धा.

गप्प बसल्या नाहीत त्या एकट्या काकू. नागपूरच्याच, इथल्या रक्त तपासणीच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील: चष्मा कपाळावर गेला की समजायचं, आता कुणाचं तरी खरं नाही.

"दोष नको, अक्षर दाखवा," काकू म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचंच. मग पर्समधून निळ्या मण्यांची सर निघाली. सहावा मणी तेवढा लाल.

"पेशीत डीएनएचं एक जाडजूड पुस्तक असतं. ते खोलीबाहेर जात नाही. हवं तेवढं पान उतरवून बाहेर पाठवतात. तिथला कारागीर तीन-तीन अक्षरं वाचतो, एकेक मणी ओवतो. ती माळ म्हणजे प्रोटीन. हिच्या लेकीच्या पुस्तकात एक अक्षर वेगळं आहे, म्हणून सहावा मणी वेगळा, म्हणून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. यात सुरी कुठे आली?"

"पण ते अक्षर हिनंच दिलं ना?" फोनमधून सासूबाई.

"हा आजार व्हायला तशा दोन प्रती लागतात, ताई. एक आईची, एक बापाची."

"मला तर काहीच त्रास नाही, काकू. आय ॲम फाइन," नितीन म्हणाला.

"एका प्रतीनं सहसा होतच नाही. टेस्ट कर."

अक्षराच्या अशा बदलाला म्युटेशन म्हणतात एवढं शोधून मी त्याच संध्याकाळी तावातावानं पत्रक लिहिलं: म्युटेशन हटवा. काकूंना दाखवलं तर त्या हसून हसून खोकायला लागल्या. "अगं, एका पेशीच्या दोन होताना अख्खं पुस्तक पुन्हा उतरवावं लागतं. आत तपासनीस असतात, तरी एखादं अक्षर निसटतं. बहुतेकदा काही बिघडत नाही. कधी आजार येतो, कधी उपयोगही होतो. सगळी हटवली असती तर तू अजून डबक्यात तरंगत असतीस, पत्रक वाटायला हातही नसते." मी तो कागद फाडला.

प्राजक्ताला दुसरं मूल हवं होतं. नितीन टेस्टला जाईना, आणि दोघांचं नक्की कळल्याशिवाय तिला पुन्हा तीच बोलणी ऐकायची नव्हती. शेवटी काकूंनीच त्याला गाडीत घातलं. फ्रीवेवर ताशी चाळीस मैलांच्या वर त्या कधी गेल्या नाहीत. मागचे हॉर्न ऐकण्यापेक्षा सुई बरी वाटली, असं नितीन सांगतो.

रिपोर्ट आल्यावर त्यानं आईला फोन लावला. "आई, अर्धं माझ्याकडून आलंय. म्हणजे तुझ्याकडून, नाहीतर बाबांकडून."

पलीकडे खण उघडून पेन शोधल्याचा आवाज. मग, "कुठे करतात रे ती टेस्ट?"

काकू आता इथे नाहीत. दिवाळीनंतर त्या नागपूरला परत गेल्या. तिथे गावोगावच्या तपासणी शिबिरांत बसतात म्हणे, आणि सासूबाई नोंदणीच्या टेबलावर असतात. मुलगी रोज औषध घेते, घसरगुंडीवर उलटी चढते. आता तर थेट जनुकांवर काम करणारे उपचारही आलेत.

तेव्हा मूल होण्याआधी दोघंही रक्त तपासून घ्या. याच आठवड्यात. आणि नवरेमंडळी, बायकोला पुढे करू नका. आधी तुम्ही जा.