तुटक रेषेतला किनारा

अक्का गेल्याची बातमी फोनवर आली तेव्हा मी शाहूपुरीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात होतो. फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाचा पितळी डबा कागदात गुंडाळतच राहिलो... अक्का माझी थोरली बहीण. कॉलेजात भूगोल शिकवायची. समुद्र तिनं एकदाच पाहिलेला, तोही रत्नागिरीला, आणि उमेदीची वर्षं घालवली दक्षिण ध्रुवाकडच्या किनाऱ्यांत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, नोकरी सांभाळून तिनं प्रबंध हाती घेतला. तिकडच्या किनाऱ्यांची प्रतवारी लावायची होती: कुठं खडक उघडा, कुठं बर्फ थेट तळावर टेकलेला, कुठं नुसता पाण्यावर तरंगणारा. मी चेष्टा केली की ती कणकेच्या गोळ्यावर गुळाची ढेप ठेवायची. "बघ, बर्फाच्या वजनानं जमीन अशी दबती. म्हणून तिथला काठचा समुद्रबी आपल्याकडच्यापेक्षा खोल. त्यात हिमनद्यांनी तळ खरवडलेला." कणीक वाया गेली म्हणून आमची आई, म्हणजे अव्वा, चिडायची.

प्रबंध बांधायला जाणार, तेवढ्यात उपग्रहाची नवी चित्रं आली. अक्कानं ठळक रेषेनं काढलेला एक लांबलचक किनारा तुटून वाहून गेला होता. तरंगत्या बर्फाची कड तिनं जमिनीसारखी पक्की धरली होती. त्या दिवशी ती जेवलीच नाही. "कुरुंदवाडात वाढले मी," म्हणाली, "पुरात नदीचा काठ कुठल्या कुठं जातोय, दरसाल बघितलं. तरी पक्की रेघ मारली की रं!"

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "राहू द्या, कोण बघतंय?" मीही तेच म्हणालो. तिनं ऐकलं नाही. प्रबंध मागं घेतला आणि सगळे नकाशे नव्यानं काढायला बसली. तरंगती कड आता तुटक रेषेत. मग किडनीचं दुखणं आलं, काम अर्धं राहिलं. जुना प्रबंध तसाच दिला असता तर सहज डॉक्टरेट मिळाली असती... मला तिचा राग यायचा. खरं सांगतो, अजून येतो.

गेल्या आठवड्यात सर घरी आले. जुना प्रबंध तिच्या नावानं पुस्तक करून काढू म्हणाले. अव्वा डोळ्याला पदर लावून माझ्याकडं बघत होती. लेकीचं नाव छापलेलं बघायचं, एवढीच तिची इच्छा उरलीय. मी उठून अक्काच्या खोलीत गेलो. भिंतीवरच्या नकाशात तुटक रेषा मधेच थांबलीय, पुढं कोरा कागद. बाहेर येऊन म्हणालो, "न्हाय सर. त्यो किनारा आता न्हाय."

अव्वा अजून माझ्याशी बोलत नाही.