पाचापैकी दोन

भातावर सारू, म्हणजे आपलं सार, वाढताना सुष्मा आधीच जाहीर करून टाकायची, "आज काही जमलं नाही हं." अजून कुणी घास घेतलेला नसायचा. तिनंही चाखलेलं नसायचं. पण लोकांनी नावं ठेवण्याआधी आपणच ठेवून मोकळं व्हावं, हा तिचा जुना खाक्या. कुवेंपुनगरातल्या त्या घरात अभिमानाचा तुटवडा होता असंही नाही. सासरे वासुदेवराव जेवताना रोज घोडदळातल्या पणजोबांचा पराक्रम सांगत आणि पणजोबांनी लोळवलेल्या शत्रूंची संख्या दर वर्षी वाढत असे. घराण्याचा सगळा अभिमान त्यांनी एकट्यानंच उचलला, तर बिचाऱ्या सुनेच्या वाट्याला उरणार काय?

माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. सुष्माबाईंची तऱ्हाच उलटी. स्वतःच्या डोळ्यात कुसळ नसलं तरी त्यांना तिथं मुसळ दिसे, शेजारी उखळही दिसे.

आणि पोटापाण्याला या बाई काय करायच्या? तपासणी! कडकोळच्या एका कारखान्यात पंपांचे पितळी बुश, म्हणजे दांडा फिरतो त्या पोकळ कड्या, एकोणीस वर्षं मोजत होत्या. बुश मापात असेल तर हिरव्या ट्रेत, नसेल तर लाल ट्रेत. त्यांच्या हाताखालून गेलेला माल परत येत नसे, हे सगळा कारखाना जाणून होता. एकट्या सुष्मालाच ते माहीत नव्हतं.

दर वर्षी मार्चात एक फॉर्म यायचा. तुमच्या कामाला तुम्ही स्वतः पाचापैकी किती गुण द्याल? सुष्मा दर वर्षी 'दोन' लिहायची. तिचा हिशेब साधा होता. आपण दोन लिहावेत, साहेबांनी "छे छे, हे काय सुष्माबाई" म्हणत चार करावेत. लग्नाच्या पंगतीत आपण "नको, नको" म्हणतो आणि पानात होळिगे, म्हणजे पुरणपोळी, पडतेच की नाही? पण कारखाना म्हणजे पंगत नव्हे. तिथं नको म्हटलं की 'नको' अशीच नोंद होते. हे कळायला बाईंना एकोणीस वर्षं लागली.

यंदा तपासणी विभागाच्या मुख्य बाई निवृत्त होत होत्या आणि त्या जागेसाठी एकच नाव वर जायचं होतं. सुष्माला ती जागा हवी होती. फार हवी होती. देवापुढं तिनं तसं सांगितलंही, पण तिथंही, "जमलं तर बघा, नाही तर राहू द्या."

दुपारी दोनला विभागाचे साहेब हयग्रीव यांनी तिला बोलावलं. तिचा फॉर्म समोर होता.

"वरच्या ऑफिसात हेच बघतात," ते म्हणाले. "तुम्हीच दोन म्हणताय. मी काय सांगू, या बाईंच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका?" चारपर्यंत दुसरा फॉर्म आला तर ठीक, नाही तर विश्वजीतचं नाव जाणार होतं. विश्वजीत दुसऱ्या पाळीचा. त्यानं स्वतःला पाच दिले होते, सहाची सोय नव्हती म्हणून. गेल्याच महिन्यात त्यानं पास केलेले दोन ट्रे सुष्मानं परत पाठवले होते.

कोरा फॉर्म घेऊन ती तपासणीच्या टेबलाशी बसली. 'दोन' लिहिलं. खोडलं. पुन्हा 'दोन'च लिहिलं. हाताला दुसरा आकडाच येत नव्हता, आणि घड्याळात तीन वाजून गेले.

शेजारी पूजिता होती, मंडी मोहल्ल्यातल्या शिंप्याची मुलगी, कामावर नवी. तिची मराठी थोडकी आणि सरळ. तिनं मान वाकडी करून बघितलं.

"अक्का, हे दोन कुठनं आले?"

"असेच."

"मोजलं नाही?"

"आपलं आपल्याला ठाऊक असतं गं."

"सकाळी मी असंच बोलले," पूजिता म्हणाली, "तर तुम्ही माझी स्लिप फाडली."

खरंच फाडली होती. पूजितानं एका बुशच्या स्लिपवर नुसतं 'खराब' लिहिलं होतं आणि सुष्मानं तिला चारचौघींत सुनावलं होतं, "किती खराब, कुठं खराब, आकडा लिही. मोजल्याशिवाय लाल ट्रेत काही टाकायचं नाही."

सुष्माला हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. पितळेच्या तुकड्यालासुद्धा आराखड्यात मापाची थोडी सूट असते, केसभर इकडं, केसभर तिकडं. आणि ही शहाणी एकोणीस वर्षं एका बाईला न मोजताच लाल ट्रेत टाकत आली होती. त्या बाईची तिला पहिल्यांदाच दया आली.

मग तिनं कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा ओढला आणि एकेक मोजून लिहायला घेतलं. परत आलेला माल, एकोणीस वर्षांत शून्य. शिकवून तयार केलेल्या मुली, अकरा. उशीर तीनदा, सासूबाईंच्या दवाखान्यापायी. आवाज चढवला एकदा, विश्वजीतवर, आणि तो बरोबर चढवला. हे शेवटचं तिनं खोडलं, जरा विचार केला आणि पुन्हा लिहिलं.

कसंही मोजलं तरी दोन येईनात. चार येत होते. चाराचे निदान तीन करावेत म्हणून हात शिवशिवला, तेव्हा तिनं पेनाला टोपण लावून टाकलं.

"चार?" हयग्रीव म्हणाले. "पाच का नाही?"

"कॉम्प्युटरवरच्या नोंदींना मला वेळ लागतो, सर. मोजलंय मी."

त्यांनी सही केली. नाव वर गेलं.

संध्याकाळी पानं मांडली. वासुदेवरावांचे पणजोबा घोड्यासकट नदीत उतरले होते. सारू वाढताना सवयीनं सुष्माचं तोंड उघडलं, "आज काही..." आणि ती थांबली. पळीतलं थोडं हातावर घेऊन तिनं चाखलं.

"मीठ जरा कमी पडलंय," ती म्हणाली. "बाकी छान झालंय."

पणजोबा नदीतच राहिले. वासुदेवरावांनी आधी भाताकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"कोणी केलंय आज?"

"मीच," सुष्मा म्हणाली, आणि मिठाचा डबा पुढं सरकवून आपलंही पान वाढून घेतलं.