प्रिंटरची वाट पाहणारा प्रोग्रॅम

१९७१च्या सुमारास मी पुण्याहून नगरला, इंजिनांची चाचणी घेणाऱ्या एका संस्थेत नोकरीला आले. तिथल्या छोट्या कॉम्प्युटरनं इंजिनाची मापं घ्यायची आणि प्रिंटरवर छापायची. मला सगळं काम शिकवलं ते काष्टी गावच्या एका सरांनी. प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता.

पुढं चाचणीतली मापं मधूनच गायब व्हायला लागली. साहेबांनी तो प्रोग्रॅम तपासून बैठकीत मांडायचं काम मला दिलं. दोष सापडल्यावर मी आधी सरांकडे गेले. ते म्हणाले, "बैठकीतच सांगा. मलाही तिथंच कळू द्या."

बैठकीत मी सांगितलं, "एक अक्षर छापून होईपर्यंत कॉम्प्युटर प्रिंटरला 'झालं का, झालं का' असं विचारत बसतो. तेवढ्यात इंजिनाकडून माप आलं तर ते हुकतं."

"मग कसं करायला हवं होतं?" साहेबांनी विचारलं.

"छापून झालं की प्रिंटरनंच हाक मारायची. तोवर कॉम्प्युटरनं दुसरं काम करायचं. तशी सोय आहे यंत्रात."

सर म्हणाले, "मी ते मुद्दाम टाळलं. मधेच हाक आली की हातातलं काम विस्कटतं. साधं ठेवलं तर चुकणार न्हाई, असं वाटलं हुतं."

त्यांच्या बोलण्यात गाव आलं तसं कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "काल आलेल्या मुलीला कळतं, ते तुम्हाला कळू नये?"

"बरोबर हाय त्यांचं," सर म्हणाले आणि कागदांची घडी घालू लागले.

माझा शब्दन्‌शब्द खरा होता, तरी मान वर होईना. "हे मला सरांनीच शिकवलंय," असं मी म्हणाले, पण तोवर चहा आला होता. कुणी ऐकलं नाही.

सरांनी प्रोग्रॅम नव्यानं लिहिला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. "हाकेला जायच्या आधी हातातलं नीट ठेवायची सोय केलीय. बघा."

प्रिंटरमधला कागद संपला तर काय, हे त्यात राहून गेलं होतं. मी घुटमळले.

"बोला," ते म्हणाले. "तुमी गप बसलात तर मला जास्त लाज वाटंल."

मी सांगितलं. त्यांनी तिथंच पेन्सिलीनं दुरुस्ती केली.

मापं हुकायची थांबली. पुढच्या बैठकीत साहेबांनी माझं एकटीचं कौतुक केलं. पहिली टाळी सरांनी वाजवली. मला त्यांच्याकडे बघवेना.