राणीच्या हाका

माझी बायको यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गेली. तिचा आवाज त्याच्या कितीतरी वर्षं आधी गेला होता. गेला म्हणजे मेला नव्हता, दुसरीकडे गेला होता. मी चौथी शिकलेला माणूस आहे, जसं झालं तसं लिहितो.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. आम्ही दोघं एका तंबू टॉकीजवर कामाला होतो. मालक धुळ्याचा, सगळे त्याला नाना म्हणायचे. कापसाचा हंगाम लागला की तंबू धरणगावला पडायचा. मी ऑइल इंजिन चालवायचो, त्याच्यावर सिनेमाचं मशीन चालायचं. बायको बायकांच्या बाजूला तिकिटं फाडायची.

नानाने एक जुना हिंदी सिनेमा स्वस्तात आणला होता. राजा, राणी आणि नदीत बुडालेलं त्यांचं पोरगं. एके दिवशी मशीनचा आवाजाचा डबा जळाला. दुरुस्तीला मुंबईला पाठवायचा तर खर्च, म्हणून नानाने माझ्या बायकोला पडद्यामागे बसवलं. चित्रातल्या माणसांची तोंडं हलतील तसं तिने अहिराणीत बोलायचं. बाप्यांचंही तीच बोलायची, आवाज जाड करून. लोकांना हे हिंदीपेक्षा जास्त आवडलं. तंबूत बसायला जागा पुरेना. त्याच त्याच बाया रोज यायला लागल्या.

पडद्यामागून चित्र उलटं दिसतं. राणी डावरी दिसते. तिच्या तोंडाचा उजेड माझ्या बायकोच्या तोंडावर पडायचा आणि दोघींचे ओठ एकदम हलायचे. इंजिनाला तेल घालून मी तिकडे डोकावायचो, तेव्हा आपली बायको कोणती हे कळायला मला थोडा वेळ लागायचा. तसं मी तिला कधी बोललो नाही.

नाना कमाईचे वाटे पाडायचा. एक त्याचा, एक तंबूचा, एक मशीनचा, एक इंजिनाचा, एक ट्रकचा. हे सगळे वाटे त्याच्याच खिशात. उरलं त्यात आम्ही बाकीचे. इंजिनाला पुरा वाटा, इंजिन चालवणाऱ्याला अर्धा. बायकोला तिकिटं फाडायचेच पैसे, बोलायचे काही नाही.

राणी नदीकाठी पोराला हाका मारते, कुठे गेलास रे माझ्या बापा, घरी ये, तिथे हिचा गळा अडकायला लागला. हाक मधेच तुटायची आणि पुन्हा जुळायची. जळगावच्या डॉक्टरने सांगितलं, हे काम सोडा, नाहीतर आवाज जाईल. ती म्हणाली, जायचाच असेल तर आधी त्याचा वाटा घेईन, मग जाऊ दे. एका हंगामाचा वाटा मिळाला असता तर धुळ्यात एक खोली झाली असती.

खेळाच्या आधी ती नानासमोर उभी राहिली.

"नाना, इंजिनले वाटा शे, मन्हा गळाले काब्रं नही?"

नाना पान लावत होता. त्याने मान वर केली नाही. "इंजिन बंद पडलं तर खेळ बंद पडतो, बाई. तू बंद पडलीस तर लोक नुसतं बघतील. बोलायचे कसले पैसे?"

"मंग आज बंद पडीसन दखाडसू."

नाना हसला. म्हणाला, लोक उठून गेले तर उद्यापासून तुला इंजिनाएवढा वाटा. चार माणसांसमोर बोलला तो हे.

त्या दिवशी ती पडद्यामागे बसली आणि तोंडात पदराचा बोळा धरला. खेळ सुरू झाला. राजा आला, तोंड हलवून गेला. बाप्यांच्या बाजूला आरडाओरड झाली, कोणी शिट्या मारल्या. मला बरं वाटलं. आता उठतील, मी म्हटलं. पण हळूहळू सगळे गप्प झाले. इंजिनाचा ठोका तेवढा ऐकू येत होता. पडद्यावर मोठी मोठी माणसं मुकाट भांडत होती आणि तेवढा मोठा तंबू श्वास धरून बसला होता.

मग राणी नदीवर आली. तिने तोंड उघडलं आणि आवाज आला.

"कथा गया रे मन्हा बाप, घर ये..."

मी बायकोकडे बघितलं. पदर तिच्या दातात तसाच होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि आपल्या गळ्याला हात लावला, आतून काही हलतंय का ते चाचपायला. आवाज तिचाच होता. तो बायकांच्या बाजूने येत होता. आधी एक म्हातारी बोलत होती, मग शेजारच्या, मग सगळ्या बाया अंधारात एका तोंडाने. रोज ऐकून पाठ झालं होतं त्यांना. जिथे हिचा गळा अडकायचा तिथे त्या सगळ्यांचाही अडकला. तुटला आणि पुन्हा जुळला.

एकही माणूस उठलं नाही.

नाना पडद्यामागे आला. त्याच्याही तोंडावर राणीचा उजेड होता. कान तिकडे करून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने हिला पुन्हा तिकिटं फाडायला उभं केलं. बाया तिकीट काढून आत यायच्या आणि बोलून जायच्या. त्याला फुकटात तंबूभर गळे मिळाले.

आठवड्यात आम्ही ते काम सोडलं. धुळ्याला मी गिरणीत लागलो. हिचा आवाज त्यानंतर बसला तो बसलाच. आयुष्यभर ती माझ्याशी कुजबुजत बोलली. एकदा नशिराबादच्या फाट्यावर एक परकी बाई हिच्याच आवाजात आपल्या पोराला हाका मारत होती. ही झटकन माझ्यामागे झाली आणि पदर तोंडाला लावला.

यंदा आखाजीला तिच्या नावाने घागर भरली. घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी धरणगावची गाडी धरली. तंबूच्या जागी आता वस्ती आहे. ओट्यावर एक साठीची बाई धान्य निवडत होती. तिला विचारलं, राणीच्या हाका कोणाला येतात का इथे? ती म्हणाली, माझी माय आम्हाला झोपवताना म्हणायची. आणि हातातलं सूप खाली न ठेवता तिने हाक मारली.

गळा तिथेच अडकला.

मी ओट्याजवळ गेलो. मग खिशातून नोटा काढून तिच्यापुढे धरल्या. इतक्या वर्षांचा वाटा कोणाला तरी द्यायचा होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि अजून तोच, माझ्या बायकोचा आवाज तिच्या तोंडात होता.

"बोलाना कसाना पैसा, आबा?"

नोटा तिच्या सुपात टाकल्या आणि मागे न बघता गाडी धरायला स्टँडकडे चालू लागलो.