पाठमोरा गाणारा संदेश

आमच्या गायकाला, संदेशला परत आणतो, असं जाहीर करून मी पुण्याहून निघालो तेव्हा बँडमधले सगळे हसले. मी ड्रम वाजवतो. आमचा पंक बँड तीन वर्षं त्याच्या घशावर चालला. कापसाचे भाव सलग पडले त्या वर्षांत तो आर्णीला घरी गेला, तो गेलाच. आता रेकॉर्डिंग तोंडावर होतं, आणि तो नाही तर बँड बंद. शिवाय शेवटचं भांडण मीच उकरून काढलं होतं. लोकांकडे पाठ करून गातोस, हा माज पुरे, असं बोललो होतो.

यवतमाळपर्यंत ट्रॅव्हल्स, पुढे एसटी. मागची सीट घेऊ नका, कंबर हातात येते. आर्णीच्या स्टँडवर रश्शात बुडवलेला आलुबोंडा खाल्ला, नाक वाहायला लागलं तरी दुसरा मागवला.

संदेश आता दुकानात लाउडस्पीकरचे कर्णे दुरुस्त करतो. "कायले आला बे?" म्हणाला आणि चहा सांगितला. कापसाचा भाव गेला तशी लग्नं साधी झाली, कर्णे कोणी नेत नाही म्हणे. मी रेकॉर्डिंगचं काढलं की तो मान खाली घालून तारा जोडायचा.

दुपारी त्याच्या घरी गेलो. त्याची आई, शीलामावशी, भीमगीतांची गायन पार्टी चालवते. ढोलकवाला कापूस वेचायला गेलेला, म्हणून ढोलकवर मला बसवलं. मुलाखतींत संदेश परदेशी बँडांची नावं घ्यायचा, पण त्याची ती फाटकी आरोळी मावशींच्या गळ्यात जशीच्या तशी होती. अंगणात शेजारणी ऐकायला बसलेल्या, आणि मावशी त्यांच्याकडे पाठ करून थेट माझ्याकडे बघत गाऊ लागल्या. मी गडबडलो, ताल चुकलो.

"लोक तिकडे आहेत, मावशी."

संदेश म्हणाला, "कार्यक्रमात कर्णा झाडावर राह्यते, लोकाइकडं तोंड करून. गाणाऱ्याले काहीच ऐकू येत नाही. मंग ढोलकवाल्याकडं पाहूनच गा लागते. मले तेच माहीत. मी तुह्याकडं पाहत होतो बे. तू तं कधी मुंडीच वर केली नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी विचारलंच, येतोस का. तो नाही म्हणाला. कार्यक्रमांच्या सुपाऱ्या आधीच मिळत नाहीत, त्यात तोही गेला तर पार्टी मोडेल आणि पार्टीबरोबर आईही, एवढंच त्याचं कारण. निघताना मावशींनी तिळाची चटणी बांधून दिली.

बँड बंद पडला नाही. नवा गायक मिळाला, रेकॉर्डिंगही झालं. चटणी कधीच संपली. आता मी मान वर करून वाजवतो. नवा गायक लोकांकडे तोंड करून गातो, मला त्याची पाठ दिसते.