लोण्याचा टेम्पो जंगलात

हसा, माझी हरकत नाही. फक्त हे मी सांगितलं असं बसन्नाला कळू देऊ नका. त्याच्यासमोर माझी जी काय अब्रू उरली आहे, तीही जायची.

बसन्ना म्हणजे आमच्या काकांच्या टेम्पोचा ड्रायव्हर. काकांचं हुबळीच्या बाजारात लोण्या-तुपाचं दुकान, आणि बसन्ना वीस वर्षं त्यांच्याकडे. मी धारवाडला सप्तापुरात राहतो, इलेक्ट्रॉनिक्सची बारीकसारीक कामं करतो. टेम्पोतल्या थंड पेटीला मी एक यंत्र बसवून दिलं होतं. पेटी किती गार आहे, ते काकांना मोबाइलवर दिसायचं. काका खूश, चारचौघांत माझं कौतुक. मग मी गप्प बसतो होय? म्हटलं, काका, यात आता जीपीएस मॉड्यूल घालू. टेम्पो कुठं आहे तेही दिसेल.

घातलं. सोल्डर केलं, टपावर अँटेना चिकटवला, उपग्रह सापडले आणि नकाशावर लाल ठिपका उमटला. धारवाडच्या आसपास होता. आसपास म्हणजे नेमका कुठं, हे नकाशा मोठा करून बघायला हवं होतं. पण मी खुशीत चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. बसन्ना लोणी घेऊन अळणावरला गेलाय, आणि ठिपका दांडेलीच्या पुढं, ऐन जंगलात. तासभर हललेला नाही.

मी बसन्नाला फोन लावला.

"अळणावरलाच आहे की अण्णा. डबे उतरवायला लागलोय."

काय शांत आवाज! इतक्या शांतपणे खोटं बोलतो म्हणजे गडी मुरलेला असणार, असं मी काकांना सांगितलं. लोणी टाकून चोरीचं लाकूड भरत असेल. काका म्हणाले, बसन्ना तसला नाही रे. मी म्हटलं, माणूस खोटं बोलेल, उपग्रह कशाला बोलेल?

 काका गाडी घेऊन सप्तापुरात आले, आणि आम्ही चोर पकडायला निघालो.

दांडेलीच्या पुढं रेंज गेली. रस्ता संपला तिथं काका गाडीत थांबले आणि मी पायी झाडीत शिरलो. टेम्पो नव्हता. टायरची खूणसुद्धा नव्हती. फॉरेस्ट गार्ड मात्र होता. त्यानं माझी पिशवी उघडली: वायरी, बॅटरी, सुटा अँटेना. इथं काय करताय? मी म्हटलं, लोण्याचा टेम्पो शोधतोय. बोलल्यावर माझं मलाच ते कसंतरी वाटलं.

त्यानं आम्हा दोघांना चौकीत बसवलं. ओळख देणारा कुणीतरी आणा, म्हणाला. तिथल्या फोनवरून मी कुणाला बोलावणार? बसन्नालाच.

तो येईपर्यंत बाकावर बसून मोबाइलमध्ये साठलेले मॉड्यूलचे मूळ आकडे पाहिले. मॉड्यूल अंश आणि मिनिटं देतं, एका अंशात साठ मिनिटं. मी ती साठनं न भागता सरळ दशांश चिन्हापुढं लिहून टाकली होती. घड्याळात साडेतीनला तीन-तीस दिसतात, म्हणून कुणी तीन पॉइंट तीस तास म्हणतं का? मी म्हटलं होतं. ठिपकाच भलतीकडं पडला होता; बसन्ना खरंच अळणावरला होता.

काकांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बसन्ना आला. सगळं ऐकून घेतलं आणि काकांना एवढंच विचारलं, "अप्पा, तुम्हालापण तसंच वाटलं होय?" काकांनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग गार्डानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हा लाकूडचोर नाही कशावरून?

बसन्नानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोडा साहेब," तो म्हणाला. "लाकूड चोरायचं तर झाड कुठं आहे ते तरी कळायला लागतं. ह्यांना आपला टेम्पो सापडंना."

गार्डाला ते लगेच पटलं.